पट्टी जास्त ओढली तरी ताठ का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेला पीपी (पॉलिप्रोपिलीन) पॅकिंग पट्टीचा कारखाना आता मुलगी बघते. माल १२ मिमी रुंद, ०.७ मिमी जाड. गिऱ्हाईक फाउंड्रीवाला, पॅलेटवरच्या कास्टिंगला लोखंडी पट्टीऐवजी प्लॅस्टिकची बांधायची म्हणतो. त्याची मागणी एकच, "पट्टी ताठ करा, सैल पडता कामा नये." म्हणून ड्रॉ रेशो, म्हणजे पट्टी किती पट ओढायची तो आकडा, ८ वरून ११ वर नेला. पहिल्या स्टँडचा (ओढणाऱ्या रोलरांच्या संचाचा) वेग मिनिटाला १५ मीटर तसाच ठेवून शेवटच्या स्टँडचा १२० वरून १६५ केला. ताठपणा नावापुरता वाढला, पण पट्टी उभी चिरायला लागली, कडेचे तंतू सुटायला लागले, रंग दुधाळ झाला आणि एका शिफ्टमध्ये चार-पाच वेळा पट्टी तुटू लागली. आता ग्रेड बदलायची, काचतंतू घालायचे, की बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये घालतात तसलं पॉलिथिलीन आपल्याच लाइनवर करून बघायचं?

ताई, आधी सरळ उत्तरं देतो. ग्रेड इतक्यात बदलू नका. काचतंतू अजिबात नकोत. जो माल आठ-नऊ पट ओढायचा त्यात काचेचा तुकडा टाकणं म्हणजे तुटायची जागा आपल्याच हाताने करून ठेवणं. आणि जॅकेटमधलं पॉलिथिलीन तुमच्या लाइनवर होणार नाही. पण ते का होत नाही हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या पट्टीचं दुखणंही तिथंच आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या तीन एमआयडीसींत मिळून माझी अठ्ठावीस वर्षं टेप, मोनोफिलामेंट (जाडसर एकेरी धागा) आणि पट्टीच्या लाइनवर गेली. पट्टी तुटली की सगळे ओव्हनपाशी धावतात, कारण तुटताना ती तिथं दिसते. तुमचे आकडे मात्र मला पाण्याच्या टाकीकडे नेतात. एक्स्ट्रूडर दाणा वितळवून डायच्या फटीतून पट्टा काढतो, तो टाकीत गार होतो, मग पहिला स्टँड, ओव्हन आणि जास्त वेगाने फिरणारा शेवटचा स्टँड अशी त्याची वाट. बघा कसे.

ओढताना माल लांबतो, आकारमान तेवढंच राहतं, म्हणून रुंदी आणि जाडी दोन्ही ड्रॉ रेशोच्या वर्गमुळाने कमी होतात. ८ चं वर्गमूळ २.८३. म्हणजे तयार १२ मिमी पट्टीसाठी ओव्हनच्या आधी ३४ मिमी रुंद आणि जवळजवळ २ मिमी जाड पट्टा लागतो. ११ चं वर्गमूळ ३.३२. तोच पट्टा ११ पट ओढला तर पट्टी सव्वादहा मिमीची होईल. गिऱ्हाइकाला १२ च पाहिजे, मग ऑपरेटरने एक्स्ट्रूडरचे आरपीएम वाढवले असणार. त्याचं चुकलं असं म्हणत नाही, कुणीही तेच केलं असतं. पण त्यामुळे पट्टा २.३ मिमी जाड झाला आणि पहिल्या स्टँडचा वेग १५ च असल्यामुळे टाकीत तो पूर्वीइतकाच वेळ राहिला. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी १७ टक्के वाढली की वेळ ३७ टक्के जास्त पाहिजे. तो मिळाला नाही. पट्टा बाहेरून गार आणि पोटात गरम असा टाकीबाहेर आला. पुढे ओव्हनमध्येही तेच झालं. वेग वाढल्यामुळे तिथला वेळ कमी झाला आणि ओढ मात्र जास्त मागितली.

पीपी झटकन गार झालं तर त्याच्या साखळ्यांना नीट रचून बसायला सवड मिळत नाही. अर्धवट लागलेली, मऊ, पारदर्शक अशी रचना तयार होते आणि ती ओढायला फार चांगली असते. हळू गार झालं तर साखळ्या घड्या घालून गोल गोळ्यांत बसतात. त्यांना स्फेरुलाइट म्हणतात. हे गोळे उजेड पसरवतात म्हणून माल दुधाळ दिसतो. असा पट्टा ओढला की गोळे उलगडण्याआधी त्यांच्या सांध्यांवर फटी पडतात. तुमच्या पट्टीचा पांढरा रंग म्हणजे त्याच बारीक पोकळ्या, आणि उभी चीर त्यांच्यातूनच धावते.

आता ताठपणा मुळात येतो कुठून, ते सांगतो. ओढ म्हणजे दोन स्टँडच्या वेगांचा भागाकार, एवढंच डोक्यात असलं तर पुढचं सगळं चुकत जातं.

सुतळीचा गुंता डोळ्यांपुढे आणा. एक टोक धरून हिसका दिला तर गाठी घट्ट बसतात आणि सुतळी तुटते. तोच गुंता सैल करत, हलवत, सावकाश ओढला तर सुतळी सरळ होत जाते. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये प्रत्येक रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची साखळी आणि अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या. साखळीच्या लांबीत कार्बन-कार्बन बंध असतात, ते फार ताठ. दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये मात्र नुसतं एकमेकींना चिकटून राहण्याइतकं दुबळं आकर्षण असतं. गुंता तसाच असला की ताण या दुबळ्या जोडांवर येतो, म्हणून साध्या एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचा) ताठपणा, म्हणजे त्याचं मॉड्युलस, १ गिगापास्कलच्या आसपास राहतं. त्याच एचडीपीईच्या स्फटिकात साखळीच्या दिशेने मोजलं तर २४० ते ३०० गिगापास्कल भरतं. पोलाद २०० ते २१०. दुधाच्या पिशवीच्या घराण्यातला हा पदार्थ, आणि साखळी सरळ असेल तर पोलादाच्या पुढे! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं.

दुधाच्या पिशवीवरून आठवलं. नव्या पोराला ओढ समजावताना मी ग्राफ काढत बसत नाही. धुतलेल्या दुधाच्या पिशवीची बोटभर रुंद पट्टी कात्रीने कापायची, छापील अक्षर मधोमध येईल अशी. कडा साफ कापायच्या, खाच राहता कामा नये. दोन्ही टोकं चिमटीत धरून सावकाश ओढायची. आधी ती सहज लांबते, बारीक होते, अक्षर ताणून ताणून काठीसारखं लांब होतं. मग एका टप्प्याला पट्टी हाताला लागायला लागते, कडक होते, पुढे जात नाही. अक्षर आधी किती मिमी होतं आणि आता किती, याचा भागाकार म्हणजे तिची खरी ओढ. आता दुसरी पट्टी घेऊन झटक्याने ओढा. निम्म्या वाटेतच तुटेल. माल तोच, हात तोच, फरक फक्त वेळेचा.

प्लॅस्टिक असं थंड असताना ओढता येतं हे जगाला १९३० मध्ये कळलं. अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉनचे शोधक कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी पॉलिएस्टरच्या वितळलेल्या गोळ्यातून धागा काढला आणि गार झाल्यावर तो ओढला, तेव्हा तो कित्येक पट लांबला आणि रेशमासारखा चिवट झाला. नायलॉनचा धंदा त्यातूनच उभा राहिला. पण या धाग्यांची ओढ चार-पाच पटींवरच थांबत होती. त्याच्या फार पुढची ओढ मिळाली ती इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इयान वॉर्ड आणि कापाच्चो यांनी साधं, बाजारात मिळणारं एचडीपीई घेतलं. साखळीची लांबी बेताची, गार करण्याची पद्धत ठरलेली, ओढायचं तापमान काळजीने निवडलेलं. तेच एचडीपीई तीस पट ओढलं गेलं आणि मॉड्युलस ७० गिगापास्कलच्या आसपास पोचलं, म्हणजे काच किंवा ॲल्युमिनियमच्या बरोबरीला. मला या कामाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी की त्यांनी नवं रसायन आणलं नव्हतं. तुमच्या-माझ्याकडे गोणीत येतो तोच दाणा होता. त्यांनी ओढण्याच्या आधीची रचना नीट केली.

जॅकेटमधलं पॉलिथिलीन ही पुढची पायरी. त्यात साखळ्या अतिशय लांब असतात, रेणुभार दहा लाखांच्या वर. साखळी लांब असली की धागा बळकट होतो, पण गुंताही एवढा दाट की तो वितळवून डायमधून नीट निघतही नाही, ओढणं दूरच. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी यावर तोड काढली. पॉलिमर डेकॅलिनसारख्या द्रावकात अगदी पातळ विरघळवायचा. साखळ्या एकमेकींपासून लांब गेल्या की गुंता आपोआप विरळ होतो. त्या द्रावणाचा धागा काढून गार केला की जेल होते, आणि त्या जेलमध्ये विरळ गुंताच कायम राहतो. मग तो धागा तीस पट, पन्नास पट, त्याच्याही पुढे ओढता येतो. मॉड्युलस १०० गिगापास्कलच्या वर. पुढे डायनीमा या नावाने तो बाजारात आला. द्रावक काढून परत मिळवायचा प्लांट, आगीची सुरक्षा, अतिसावकाश ओढ, हे सगळं तुमच्या शेडमध्ये बसणारं नाही. पण त्यातलं मर्म तुमच्या कामाचं आहे, ते असं की ओढण्याआधी गुंता किती आहे यावरच ओढ कुठपर्यंत जाईल ते ठरतं.

पीपीबद्दल एक मर्यादा आधीच माहीत असू द्या, म्हणजे गिऱ्हाइकाला नको तो शब्द दिला जाणार नाही. पॉलिथिलीनची साखळी एका पातळीत नागमोडी असते, ती लांबवायची म्हणजे बंधच ताणावे लागतात. पीपीची साखळी स्प्रिंगसारखी मळसूत्री वेटोळ्यात बसते, तीन घटकांना एक वेढा. शिवाय प्रत्येक घटकाला बाजूला एक शेंडी असल्यामुळे साखळी जाडही असते. म्हणून तिच्या आदर्श स्फटिकाचा ताठपणासुद्धा ४० गिगापास्कलच्या आसपासच संपतो. न ओढलेलं पीपी दीड गिगापास्कलच्या आत, चांगली ओढलेली पट्टी ५ ते ८. नऊ मिळवायला धडपडा, पण तीसची स्वप्नं पीपीत बघू नका.

नायलॉन का नाही, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. पॉलिथिलीन आणि पीपीमध्ये ठराविक तापमानाच्या वर, साधारण ७०-८० अंशांपासून पुढे, साखळी स्फटिकाच्या आतून सरकू शकते. म्हणून ती घडीतून बाहेर ओढून काढता येते. नायलॉनमध्ये हायड्रोजन बंध तिला जागेवर खिळवून ठेवतात. त्यामुळे नायलॉन चार-पाच पटींत अडतं.

तापमानाला दोन बाजू आहेत आणि दोन्हीकडे घसरायला होतं. थंड ओढलं तर साखळ्या सरकत नाहीत, फटी पडतात. फार गरम ओढलं, पीपीच्या १६५ अंश वितळबिंदूच्या अगदी जवळ, तर साखळ्या एकमेकींवरून नुसत्या घसरतात आणि परत गोळा होतात. स्टँडवर ११ दिसतं आणि पट्टीत ६ चाच ताठपणा असतो. मी याला पोकळ ओढ म्हणतो. फसवी असते, कारण पट्टी तुटत नाही, चकचकीत दिसते, सगळे खूश असतात. तुमच्या ऑपरेटरने तुटणं थांबवायला ओव्हन वाढवला असेल, आणि वाढवला असणारच, तर ११ पट ओढूनही ताठपणा नावापुरताच का वाढला याचं उत्तर तिथं सापडेल. ओव्हनच्या डायलवरचा आकडा हवेचा असतो, पट्टीचा नाही. जाड पट्टा तीन सेकंदांत ओव्हनच्या तापमानाला पोचत नाही. ओव्हनमधून निघताच पट्टीचं तापमान मोजायची सवय लावा. ओढताना घर्षणानेही माल आतून तापतो आणि वेग वाढला की ही उष्णता बाहेर पडायला वेळ उरत नाही, हेही लक्षात असू द्या.

खरी ओढ किती, ते तपासायला पैसे लागत नाहीत. ओव्हनच्या आधी, पट्टा चालू असताना, पर्मनंट मार्करने बरोबर दहा सेंटीमीटरवर दोन खुणा करायच्या. हात रोलरपासून लांब ठेवा, आणि ओढाखालच्या पट्टीच्या रेषेत उभं राहू नका. तुटलेलं टोक चाबकासारखं येतं. वाइंडरवर (गुंडाळायच्या यंत्रावर) पट्टी आली की खुणांमधलं अंतर मोजा. ११० सेंटीमीटर यायला पाहिजे. ९५ आलं तर पट्टा पहिल्या स्टँडच्या रोलवर घसरतोय. रोल ओला आहे का, टाकीतलं पाणी पट्ट्याबरोबर पुढे येतंय का, दाबरोलची रबर झिजली आहे का ते बघा. अशा दहा जोड्या खुणा करा. दहाही अंतरं जवळजवळ सारखी आली पाहिजेत. ८८, १२१, ९७ असं वरखाली आलं तर मान, म्हणजे पट्टा एकदम बारीक होतो ती जागा, ओव्हनमध्ये पुढेमागे पळतेय. सरासरी ११ दिसत असली तरी एखाद्या तुकड्याला १२ आणि दुसऱ्याला ९ मिळतेय, आणि पट्टी तुटते ती बाराच्या जागी.

इथं मला हुपरी आठवते. माझ्या मामांच्या घरी चांदीचं काम होतं. पोलादी पाटीत उतरत्या मापाची भोकं, तिला जंतर म्हणायचे. तारेचं टोक कानशीने निमुळतं करायचं, भोकातून काढून सांडशीत धरायचं आणि अंग मागं टाकून ओढायचं. मग त्याच्या धाकट्या भोकातून. दोन-चार भोकांनंतर तार कडक व्हायची. मग मामा ती विस्तवावर मंद लाल होईपर्यंत तापवायचे, मऊ करायचे आणि पुन्हा जंतरात घालायचे. एका भोकात सगळी ओढ घ्यायचा मोह त्यांनी कधी केला नाही. टप्प्याटप्प्याने ओढायचं हा धडा प्लॅस्टिकलाही जसाच्या तसा लागू आहे. लीड्सच्या मंडळींनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तर अक्षरशः जंतरच बनवलं. वितळबिंदूच्या खाली तापवलेली जाड प्लॅस्टिकची सळई निमुळत्या गरम डायमधून पलीकडून ओढून काढायची. त्याला डाय-ड्रॉइंग म्हणतात आणि पट्टीत किंवा धाग्यात मावणार नाहीत अशा ताठ सळया आणि नळ्या त्यातून निघतात. पण एक गोष्ट चांदीच्या बरोबर उलटी आहे. ओढलेली तार मोकळी तापवली तर मऊ होते, लांबी तीच राहते. ओढलेली पट्टी मोकळी तापवली तर आखडते, कारण सरळ झालेल्या साखळ्यांना परत वेटोळं व्हायचं असतं. म्हणून ॲनिलिंग, म्हणजे ओढल्यानंतरचं तापवणं, नेहमी दोन रोलरमध्ये धरून, चार-पाच टक्के सैल सोडत करायचं. तुमच्या लाइनवर ॲनिलिंगचा ओव्हन बंद ठेवलेला असेल तर तो आजच चालू करा.

आता तुमच्या लाइनवर मी काय करीन ते लिहितो. ११ सोडा, ९ वर या. ९ चं वर्गमूळ ३, म्हणजे ओव्हनआधी ३६ बाय २.१ मिमीचा पट्टा. पहिला स्टँड ११ वर आणा, शेवटचा ९९ वर. टाकीत पट्टा पूर्वीपेक्षा छत्तीस टक्के जास्त वेळ राहील आणि त्याची गरज तेरा टक्क्यांनीच वाढलेली असेल. उत्पादन मिनिटाला आत्ताच्या १६५ आणि पूर्वीच्या १२० मीटरवरून ९९ वर येईल हे मला कळतं, पण दर शिफ्टला चार-पाच तुटी, प्रत्येक तुटीला लाइन परत लावायचा वेळ आणि तो सगळा भंगार माल, याचा हिशेब मांडून बघा. टाकीचं पाणी मे महिन्यात आणि डिसेंबरात सारखंच असलं पाहिजे, तापमापक कायमचा लावून ठेवा. डायच्या ओठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. ओव्हनला जोडून दुसरा ओव्हन घ्यायची ऐपत झाली की पहिल्यात सहा पट, त्याहून गरम अशा दुसऱ्यात दीड पट असं विभागा. मान पहिल्या ओव्हनमध्ये बसते आणि उरलेली ओढ, जी खरा ताठपणा देते, ती सावकाश होते.

मालाबद्दल थोडंच. एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा) ३ च्या आसपासचा रॅफिया ग्रेडचा, म्हणजे विणलेल्या पोत्यांच्या टेपचा, दाणा ठीक आहे. भंगार परत वापरता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पीपी प्रत्येक फेरीत थोडं तुटतं, साखळ्या आखूड होतात, एमएफआय वाढतो. आखूड साखळ्या ओढायला सोप्या, पण पट्टी कमजोर. भंगारातला धुळीचा किंवा कागदाचा कण म्हणजे एक तूट, म्हणून फिल्टरची जाळी वेळेवर बदला. कॅल्शियम कार्बोनेटचा मास्टरबॅच (पूड कालवलेला दाणा) थोडा घातला तर चिरणं कमी होतं, कारण साखळ्या अगदी एकसुरी लागत नाहीत, पण तेवढा ताठपणाही जातो. जुलैत आपल्याकडे मास्टरबॅचची गोणी उघडी राहिली तर त्यातली ओल डायपाशी बुडबुडा होऊन निघते. एम्बॉसिंगचे, म्हणजे पट्टीवर नक्षी दाबणारे, दातेही चिरणं थांबवतात, फक्त ते झिजून धारदार झालेले नसावेत.

आता फाउंड्रीवाल्याकडे येतो. तो "ताठ" म्हणतो आणि "सैल पडू नये" म्हणतो. या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि मला वाटतं त्याला दुसरी हवी आहे. हिशेब करू. पॅलेटभोवती पट्टीचा फेरा ४ मीटर, बांधताना ताण १०० किलो. तुमच्या पट्टीचा छेद ८.४ चौरस मिमी, म्हणजे ताण ११७ मेगापास्कल. पट्टी ३ गिगापास्कलची असेल तर ४ मीटरला साडेपंधरा सेंटीमीटर लांबते, ८ ची असेल तर सहा सेंटीमीटरच्या आत. आता १२ बाय अर्धा मिमीची लोखंडी पट्टी घ्या. ती तेवढ्याच ताणाला जेमतेम सव्वातीन मिलिमीटर लांबते. ट्रक आंबा घाट उतरला, लाकडी पॅलेट वाळलं, कास्टिंग पाच मिमी खाली बसलं, की लोखंडी पट्टीतला ताण पूर्ण गेला. लोखंडी पट्टी सैल पडते ती तिच्या ताठपणामुळेच! प्लॅस्टिकची पट्टी सहा सेंटीमीटर ताणलेली असते, पाच मिमी बसलं तरी ती मागोमाग आवळत येते. गिऱ्हाइकाला हे कागदावर मांडून दाखवा. ताठपणा वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर त्याचंच नुकसान आहे.

प्लॅस्टिक सैल पडतं त्याचं कारण निराळं, ते म्हणजे क्रीप. ताण तसाच ठेवला तर साखळ्या तासातासाने सरकत राहतात. हे मी स्वतः महाग शिकलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात आम्ही एचडीपीईचं मोनोफिलामेंट १२ पट ओढलं आणि त्याचे दोर वळले. टेस्टिंग मशीनवर आकडे एवढे सुरेख आले की मी घरी जाऊन सांगितलं. दोर ऊस वाहतुकीला गेले. साखर कारखान्याच्या गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर रात्रभर उभा, दोर रात्रभर ताणाखाली. सकाळी ड्रायव्हर दाखवायला आला तेव्हा दोर उसावरून चक्क लोंबत होता. त्यावर मी केलेल्या एक मीटरच्या खुणा मोजल्या, तर त्या एक मीटर सहा सेंटीमीटरवर गेल्या होत्या. मशीन दोन मिनिटांत ओढून तोडतं, ते उद्या सकाळचं सांगत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन मालाचा तुकडा वजन टांगून चोवीस तास ठेवतो, शक्य असेल तर उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली, कारण ट्रकमध्येही तो तसाच तापणार असतो.

पीपीमध्ये क्रीप पुरता जाणार नाही. त्याच्या स्फटिकांमधला सैल भाग शून्य अंशाच्या आसपासच हलायला लागतो, म्हणजे कोल्हापूरच्या हवेत तो कायम जागा असतो. पीईटीचा, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचा, तोच भाग ७०-८० अंशांपर्यंत गोठलेला राहतो आणि साखळीत ताठ बेंझिनची कडी असते. म्हणून जड कास्टिंगला माझं मत पीईटी पट्टीचं आहे. फाउंड्रीवाल्याला पीपी विकू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यांना आणि हलक्या मालाला विका. तिथं ती उत्तम. पीईटी करायची तर आधी नीट विचार करा. ओढ चार-पाच पटच घेतात, पण बाटलीचे फ्लेक्स एक्स्ट्रूडरमध्ये जाण्याआधी ओल ५० पीपीएमच्या खाली पाहिजे, नाहीतर गरम डायमध्ये पाणीच साखळ्या तोडतं. आपल्या पावसाळ्यात तेवढं वाळवणं म्हणजे क्रिस्टलायझर आणि डीह्युमिडिफायर ड्रायर दोन्ही आले. तो खर्च एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर करू नका.

एवढं करूनही अडलं तर मला तयार पट्टी पाठवू नका, ती बघून काही कळत नाही. पहिल्या स्टँडवरून कापलेला, न ओढलेला हातभर पट्टा पाठवा, सकाळी एक आणि दुपारी तीनला एक. त्याआधी तुम्हीच धारदार ब्लेडने तो आडवा कापून पातळ चकती काढा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. कडा काचेसारख्या आणि मधे दुधाची रेघ दिसली, तर ओव्हनच्या बटणाला हात लावायची गरज नाही.